पाहुणेपण संपायला हवं



ए.एफ.एस. काय, रोटरी काय, शाळकरी मुलांना परदेशी घरांत राहायला पाठवणाऱ्या या संस्थांची नावं इथल्या बहुतेकांना ठाऊक आहेत. तेव्हा योजनांची जंत्री वाचत नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच, की दहा दिवसांच्या सहलीला विद्यार्थी-विनिमय म्हणणं थांबवा. परक्या घरातलं पाहुणेपण संपायला महिने लागतात, आणि ओळख त्यानंतर सुरू होते.

ए.एफ.एस.ने हे काम कसं सुरू केलं ते बघा. १९१५ साली फ्रान्सच्या आघाडीवर जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची संघटना उभी राहिली, ती अमेरिकन फील्ड सर्व्हिस. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी रुग्णवाहिका चालवल्या. युद्ध संपल्यावर स्टीफन गलाटी यांच्या पुढाकाराने त्यांनी शाळकरी मुलांकडे मोर्चा वळवला. १९४७ मध्ये दहा देशांतली ५२ मुलं अमेरिकेत शिकायला आली. ज्यांनी मेलेली पोरं उचलली, त्यांना जिवंत पोरांना एकमेकांच्या घरात नेऊन ठेवावंसं वाटलं. मला हे फार मोठं वाटतं.

अमेरिकेत शाळकरी मुलांच्या विनिमय-व्हिसावर किमान एक सत्र राहावं लागतं आणि मुलाला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा मोबदला घेता येत नाही. हा दुसरा नियम मला सोन्यासारखा वाटतो. पैसे घेतले की घराची खाणावळ होते.

आमच्याकडे एक जर्मन मुलगी राहिली होती. अकरावीच्या वयाची. पहिले काही आठवडे सगळं गोड. पोहे तिला आधी, पंखा तिच्याकडे. मग खटका उडाला तो दारावरून. ती खोलीचं दार लावून बसायची. माझ्या सासूबाईंच्या मते भरल्या घरात दार लावायचं ते रुसल्यावर किंवा आजारी पडल्यावर. त्या न विचारता दार ढकलून आत जायच्या, कपाळाला हात लावून ताप बघायच्या. (हशा) हसताय, पण ती पोरगी रडकुंडीला आली होती. "मी काय चुकले?" असं मला विचारायची. आणि सासूबाई मला विचारायच्या, "हिला आपण नकोसे झालो का गं?" दिवाळीच्या फराळाला दोघी शेजारी बसल्या आणि करंज्यांना मुरड घालता घालता एकदाचं भांडण झालं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. पुढे सासूबाई दाराबाहेर खाकरायला लागल्या आणि ती दार वीतभर उघडं ठेवायला लागली. दहा दिवसांच्या मुक्कामात हे झालं असतं? दोघीही शेवटपर्यंत गोड बोलल्या असत्या!

 घरांचं झालं, पण देशांनीही हाच मार्ग धरला. उदाहरण फ्रान्स-जर्मनीचं, थोडक्यात. १८७० पासून सत्तर वर्षांत तीन युद्धं. १९६३ च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर आणि फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांचं संयुक्त युवा कार्यालय उभं राहिलं. मागे कोणीतरी म्हणालं, की तिथे आठवड्याच्या भेटीही होतात. होतात, कबूल. पण ते शेजारी आहेत. आज आलेलं पोर पुढच्या सुट्टीत पुन्हा जाऊ शकतं. सांगलीहून म्युनिकला असं जाता येतं का? आपल्याला एकदाच जायचं तर पुरतं राहायला हवं.

आता पालकांचा नेहमीचा प्रश्न. वर्ष वाया जातं, बारावीचं काय? काही मुलांना परतल्यावर वर्ष पुन्हा करावं लागतं, हे मी लपवत नाही. पण प्रवेशपरीक्षा पुन्हा देण्यासाठी आपण वर्षभर मुलाला घरी बसवतोच ना? तेव्हा कोणी वाया गेलं म्हणत नाही.

आणि मूल पाठवणं परवडत नसेल, तर परदेशी मूल घरी ठेवून घ्या. वेगळी खोली नसली तरी एक खाट आणि अभ्यासाला जागा निघते का बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, कारण दिवसभर घरात तीच असतात. कोणाचा विचार असेल तर मी खाली पायऱ्यांपाशी थांबते, तिथे बोलू.