द्राक्षावरची भुरी ओळखा



तासगाव-मिरज भागात ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा पडली की भुरीवर नजर ठेवा. भुरी म्हणजे केवडा नव्हे. केवड्याला ओल लागते, तो पानाखाली दिसतो. भुरी पानाच्या दोन्ही अंगांवर, मण्यांवर राखेसारखी पसरते. पाऊस नसला तरी वाढते.

पिशवीत बीजे धरणाऱ्या बुरशींचे हे एक कूळ. जिवंत पानातूनच रस शोषते. साताऱ्याकडच्या वाटाण्यावरची भुरी याच कुळातली, पण जात वेगळी; ती द्राक्षावर येत नाही.

भुरीने मणी तडकतात, हातचा माल जातो. म्हणून दाट फुटवे विरळा. पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक 10 लिटरला 20 ग्रॅम घेऊन सकाळी फवारा. भर उन्हात नको, पाने करपतात.