तापाचे मूळ आणि औषधाची घाई



दीड वर्षाच्या बालिकेला ताप येतो. सर्दी नाही, खोकला नाही. घरची वडील मंडळी म्हणतात, दात येत असतील. दुकानातून प्रतिजैविकाची बाटली आणली जाते, दोन दिवसांत ताप उतरतो आणि उरलेले औषध पुढच्या तापासाठी कपाटात जाते. भारतासारख्या विकसनशील देशांत हे नित्याचेच. परंतु तापाचे मूळ मूत्रमार्गात असेल तर? जळजळ होते हे तान्ह्या जिवाला सांगता येत नाही. ताप, उलट्या, दूध नाकारणे एवढीच त्याची भाषा.

या संसर्गाचे कारण बहुधा आतड्यात राहणारे ई-कोलाय जंतू असतात. ते मूत्रपिंडापर्यंत पोहोचले आणि उपचारास विलंब झाला, तर तेथे कायमचे व्रण राहू शकतात. म्हणून प्रतिजैविक हवेच, तेही लवकर. मात्र त्याआधी लघवीचा नमुना घेतलेला असावा. औषधाची एक मात्रा पोटात गेली तरी कल्चरमध्ये जंतू न वाढण्याचा संभव असतो, आणि नेमके कोणते औषध लागू पडेल हे कळण्याची संधी हुकते.

नमुना मिळवणे कटकटीचे, हे खरे. जागा स्वच्छ धुवावी, निर्जंतुक डबीत मधली धार धरावी आणि ती तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावी. अहवालास दोनएक दिवस लागतात. आजारी बालकाचे औषध तोवर अडवून ठेवायचे नसते. डॉक्टर ते सुरू करतात व अहवाल पाहून गरजेनुसार बदलतात. कल्चरची सोय नसलेल्या गावी रंग बदलणारी साधी तपासणीपट्टीही निदानास मोठा आधार देते.

अनावश्यक व अर्धवट औषधांनी जंतू निर्ढावले आहेत. अ‍ॅम्पिसिलिन, कोट्रायमॉक्साझोल यांसारख्या एके काळच्या हुकमी औषधांना आज कित्येक ई-कोलाय जुमानत नाहीत. अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवावी, असा नियम २०१४ पासून लागू आहे. सगळी विक्री त्या वहीत उतरते असे मात्र नाही.

शाळेतील अस्वच्छ स्वच्छतागृहामुळे मुली दिवसभर लघवी रोखतात, पाणीही टाळतात. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम ज्या घरी मुलेही पाळतात, तेथे दिवसा पुरेसे पाणी पोटात जाते ना, हे मातेने पाहावे. तापलेल्या बालकाला मात्र रात्रीही पाणी द्यावे.