घुगरी काट्यावर का हरते?

कळमनुरीत आमचं सराफीचं छोटं दुकान आहे आणि वडिलांसोबत मीही काट्यावर बसते. आसपासच्या तांड्यांवरच्या बंजारा आज्या जुनी चांदी मोडायला आणतात. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर जास्त, आणि घरात दवाखाना निघाला तर कधीही.

आता गंमत बघा, खरं तर गंमत नाहीच. ज्या दागिन्यात काम जास्त, त्याला मोडीत पैसे कमी. हांसली म्हणजे गळ्यातली जाड, भरीव कडी. ती आटवली की जवळपास वजनाइतकी चांदी हाती लागते. घुगरीचं तसं नाही. घुगरी केसांत अडकवून दोन्ही गालांवर सोडतात, नवरा असलेल्या बाईची ती खूण. तिच्यात साखळ्या, बारीक घुंगरं, आणि प्रत्येक सांध्याला टाका. टाक्यात तांबं-पितळ असतं, म्हणून टंच उतरतो. वरून आतमध्ये वर्षानुवर्षांचं तेल आणि मळ. मग घट धरावी लागते. यात कुणी कुणाला फसवत नाही, मुशीत गेल्यावर नक्षी उरतच नाही. घेताना मजुरी मोजलेली असते, मोडताना तिचा हिशेब शून्य.

काही आज्यांच्या हारात कलदार असतात. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया. आपल्याकडे निजामाचं राज्य, त्याचा हाली सिक्का वेगळा, आणि त्यात चांदी कमी. १९४० च्या आधीचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत देशभर फिरणाऱ्या लमाणांना बँक कुठली? जी होती ती बाईच्या अंगावर.

अमेरिकेतल्या नावाहो लोकांचंही असंच. १८६४ मध्ये सैन्याने त्यांना स्वतःच्या मुलखातून पायी हाकललं, १८६८ मध्ये ते परतले. त्यांच्यातला आत्सिदी सानी एका मेक्सिकन कारागिराकडून धातुकाम शिकला आणि त्याने ते आपल्या मुलांना शिकवलं. सुरुवातीला डॉलर आणि पेसो आटवून दागिने केले, पुढे त्यात निळा फिरोजा बसवू लागले. अडचण आली की हार दुकानदाराकडे गहाण. अगदी आपल्यासारखंच! पण न सोडवलेला दागिना मुशीत न जाता बऱ्याचदा पर्यटकाला विकला जायचा. आज अशा जुन्या गहाणाच्या दागिन्याला चांदीच्या भावापेक्षा कितीतरी जास्त किंमत मिळते. १९९० मध्ये तिथे कायदाही कडक झाला. आदिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकली, तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायद्यात त्यांना ‘इंडियन’ म्हणतात, तेव्हा गोंधळू नका.

एक फरक मात्र सांगायलाच हवा. नावाहो स्वतः घडवतात. बंजारा दागिने बहुतेक सोनारांनी घडवले, आमच्यासारख्यांनी. म्हणून तो कायदा जसाच्या तसा इथे बसणार नाही. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते कापडावरच्या कामाला. आणि नवीन घुगरी घडवायला आमच्याकडे आता कुणी सहसा येत नाही. म्हणजे जी मोडली ती गेलीच.

आजीने विकू नये, असं मी म्हणणार नाही. बियाण्याचे पैसे घुगरीपेक्षा मोठे असतात, जून महिन्यात तर नक्कीच. पण मोडण्याआधी पाच मिनिटं काढा. दागिना पांढऱ्या कापडावर ठेवून पुढून-मागून फोटो घ्या. बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. जमलं तर आजीने घातलेला एक फोटो. आणि तिच्याच तोंडून गोरमाटीत त्याचं नाव रेकॉर्ड करा, कारण तांडा बदलला की नावही बदलतं. संग्रहालय किंवा जुन्या वस्तू जमवणारे वेगळा भाव देतात, तेही आधी विचारून घ्या. आमच्याकडे आलात तर फोटो मीच काढून देते, त्याचे पैसे नाहीत.

मागच्या आठवड्यात एका आजींना विचारलं, ‘आजी, ही घातली की आवाज कसा यायचा?’ त्यांनी घुगरी कानाशी धरून हलवली आणि म्हणाल्या, ‘पोरी, आम्ही पाण्याला निघालो की अख्ख्या तांड्याला कळायचं.’ तो आवाज रेकॉर्ड केलाय. हेडफोन लावा, आता ऐकवते.