हवा बघून गाडी

अमेरिकेत डेन्व्हरजवळ सुमारे ५,८०० फूट उंचीवर बँडिमेअर ही ड्रॅग रेसची धावपट्टी २०२३ पर्यंत गाजत होती. शर्यत सरळ, जेमतेम ४०२ मीटरची. विरळ हवेत ऑक्सिजन कमी, म्हणून इंजिनाची ताकदही कमी. तापमान, दाब आणि आर्द्रता मोजून ‘घनता-उंची’ काढतात, म्हणजे आजची हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ते. कडक उन्हात ती तिथे ८,००० फुटांच्या वर जाई. मग कार्ब्युरेटरला लहान जेट बसवून इंधन कमी सोडायचं. गंमत म्हणजे दमट हवा कोरडीपेक्षा हलकी, म्हणून आर्द्रताही मोजायची! ब्रॅकेट शर्यतीत तर चालक आपल्या धावेची वेळ आधीच जाहीर करतो. त्याहून लवकर पोचला, तर सहसा बाद. म्हणून आधीच्या धावांची वही उघडून, त्या वेळची हवा ताडून, ऊन उतरून हवा दाट झाली की जाहीर करायचा आकडा सेकंदाच्या शतांशांनी खाली आणतात.