ई. नेस्बिट आणि वेल हॉलमधली मुलं



लंडनच्या ज्या 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सच्या कथा छापून येत, त्याच मासिकात १९०२ मध्ये मुलांसाठी एक कथामाला सुरू झाली. पाच भावंडांना वाळूत एक केसाळ, तिरसट प्राणी सापडतो. तो त्यांची रोज एक इच्छा पुरी करतो आणि दिवस मावळला की सगळं होतं तसं होतं. लेखकाचं नाव छापलेलं असे ई. नेस्बिट. हा कुणी पुरुष असावा, असं एच. जी. वेल्स यांनाही आधी वाटलं होतं. त्या होत्या एडिथ नेस्बिट. सैल झगा, आखूड केस, हातात सदैव सिगरेट आणि भोवती मुलांचा गोतावळा. त्या गोतावळ्याबद्दल आज मला बोलायचं आहे.

एडिथचा जन्म १८५८ चा, लंडनमधल्या केनिंग्टन भागातला. वडील शेतीविषयक रसायनशास्त्राचं कॉलेज चालवत. एडिथ तीन वर्षांची असताना ते वारले. पुढे थोरल्या बहिणीला क्षय झाला आणि तिला हवा मानवावी म्हणून आई मुलांना घेऊन गावोगाव, अगदी फ्रान्सपर्यंत फिरली. बहीण मात्र वाचली नाही. केंट परगण्यात हॉलस्टेड गावी काही वर्षं हक्काचं घर मिळालं. तिथून रेल्वेचा रूळ जवळ होता.

१८८० मध्ये ह्यूबर्ट ब्लँडशी लग्न झालं तेव्हा एडिथला सातवा महिना होता. थोड्याच काळात ब्लँडना देवी आल्या, त्यांचा धंदा बुडाला आणि संसाराचा भार बाईंवर पडला. शुभेच्छापत्रं रंगवायची, मासिकांना कविता आणि कथा विकायच्या, त्यातून घर चालवायचं. पुढे ब्लँडना वृत्तपत्रांत नाव मिळालं. १८८४ मध्ये समाजवादी विचारांच्या मंडळींनी फेबियन सोसायटी काढली, तिच्या संस्थापकांत हे दोघे होते. बर्नार्ड शॉ त्यांच्या घरी येत. होमरूल चळवळीमुळे आपल्या परिचयाच्या अ‍ॅनी बेझंटबाईही त्या काळी याच मंडळात होत्या. नेस्बिटबाईंनी धाकट्या मुलाचं नावच फेबियन ठेवलं.

याच सुमारास त्यांची मैत्रीण अ‍ॅलिस होट्सन घरी राहायला आली. घरकाम, लेखनिकाचं काम, मुलांचं पाहणं, सगळं ती करू लागली. १८८६ मध्ये तिला मुलगी झाली, रोझमंड. १८९९ मध्ये मुलगा झाला, जॉन. दोघांचेही वडील ह्यूबर्ट ब्लँडच. नेस्बिटबाईंनी दोन्ही मुलं आपली म्हणून वाढवली, त्यांना आपलं नाव दिलं. अ‍ॅलिस त्याच घरात राहिली, मुलांची मावशी म्हणून.

नेस्बिटबाईंच्या मोठ्या मनाचं पुष्कळ कौतुक होतं आणि ते खरंच आहे. पण मला जास्त अस्वस्थ करते ती अ‍ॅलिस. पोटची मुलं समोर वाढताहेत, दुसरीला आई म्हणताहेत, आणि आपण त्यांचे कपडे शिवायचे, त्यांना जेवायला वाढायचं. त्या काळी अविवाहित आईची समाजात जी गत होई ती टळली, एवढाच तिचा लाभ. आणि ब्लँड? घराण्याची अब्रू, स्त्रीची मर्यादा यांवर ते वर्तमानपत्रांत ठासून लिहीत राहिले. त्यांना माफ करायला माझं मन तयार होत नाही.

१८९९ मध्ये हे कुटुंब एल्टममधल्या वेल हॉल या जुन्या, मोठ्या घरात राहायला गेलं. सभोवती खंदक, त्यात होडी, सुटीच्या दिवशी पाहुण्यांची झुंबड. याच वर्षी 'द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स' हे पुस्तक आलं आणि बाईंचं नाव झालं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबरात, फेबियनवर घरीच एक लहानशी शस्त्रक्रिया झाली. गुंगीचं औषध दिलं होतं. डॉक्टर निघून गेले, पण मुलगा जागा झालाच नाही. तो पंधरा वर्षांचा होता. इतकं घडूनही दोन वर्षांत त्या वाळूतल्या प्राण्याची गोष्ट लिहून झाली. तिच्यातलं कडेवरचं बाळ जॉनवरून घेतलेलं आहे आणि पुस्तक त्यालाच अर्पण केलेलं आहे.

१९०६ चं 'द रेल्वे चिल्ड्रन' हे त्यांच्या पुस्तकांतलं वाचकांचं सगळ्यांत लाडकं पुस्तक. मला त्यात बाईंचं घर दिसतं. एके संध्याकाळी दोन माणसं येतात आणि वडिलांना घेऊन जातात. का, ते आई मुलांना सांगत नाही. तिन्ही मुलांना घेऊन ती खेड्यात राहायला जाते आणि दार लावून गोष्टी लिहीत बसते. एखाद्या संपादकाने गोष्ट घेतली की त्या दिवशी चहाबरोबर गोड पाव मिळतो. पैशांची ही ओढाताण बाईंनी भोगलेली होती. पण माझं लक्ष जातं ते मोठी माणसं मुलांपासून काय लपवतात, तिकडे. ज्यांच्या घरात रोझमंड आणि जॉन वाढत होते, त्या बाईंना ते लपवणं आतून ठाऊक होतं. तरी पुस्तकात आई वाईट ठरत नाही आणि मुलंही भोळी ठरत नाहीत.

थोरली रॉबर्टा एका जुन्या वर्तमानपत्रात वाचते की आपले वडील हेरगिरीच्या आरोपावरून तुरुंगात आहेत. ते पान ती आईला दाखवते. आई तिला सगळं सांगते, ते निर्दोष आहेत हेही सांगते. धाकट्या दोघांना रॉबर्टा काहीच कळू देत नाही. मात्र रोज गाडीतून हात हलवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना ती स्वतः पत्र लिहिते की माझ्या बाबांनी हे केलेलं नाही, तुम्ही मदत करा. आणि ते गृहस्थ मदतीला येतात.