हिराकस : उसाचा वेगळा, आपला वेगळा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)



आज कर्जाच्या हप्त्याचा नाही, हिराकसाचा विषय घेते. उसाला केवडा पडला की कृषी केंद्रातून हिरवट खडे आणतो, तोच हा. पिशवीवर ‘फेरस सल्फेट’ लिहिलेलं असतं. खड्याच्या १०० ग्रॅममध्ये लोह साधारण २० ग्रॅम, आणि जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं.

खडे हिरवट असतात तोवर चांगले. पिशवी उघडी राहिली की हवेनं ते पिवळे-तांबूस होतात. त्यातलं लोह गंजतं, मग पिकाला नीट लागत नाही. म्हणून लागेल तेवढंच आणा, तोंड घट्ट बांधा.

चुनखडीच्या रानात लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस घालून फवारा. जमिनीतून द्यायचा तर एकरी १० किलो, दहापट शेणखतात मिसळून, चार-पाच दिवस मुरवून. नुसताच टाकला तर चुना त्याला धरून ठेवतो, पैसे मातीत!

आता एक गंमत करून बघा. कोऱ्या चहात हिराकसाचा छोटा खडा टाका. चहा शाईसारखा काळा होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांचीच काळी शाई करायचे. चहातला तुरटपणा लोहाला पकडून ठेवतो. (तो चहा लगेच ओतून द्या, पोरं पितील.)

हे का सांगते? आशाताई देतात त्या लाल गोळीतही बहुतेक वेळा फेरस सल्फेटच असतं. शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं, एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक ॲसिड. गोळीवर लगेच चहा घेतला की पोटात तेच होतं, लोह अंगी लागत नाही. चहा दीड-दोन तासांनी घ्या. गोळीबरोबर लिंबूपाणी किंवा आवळा चांगला. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

गोळीनं शौचाला काळं होतं. घाबरू नका, न लागलेलं लोह बाहेर पडतं. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. तरी त्रास झाला तर आशाताईंना सांगा, पण मनानं बंद करू नका. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक, असा हिशेब आहे. आपण बचतीचा हप्ता चुकवत नाही, मग रक्ताचा का चुकवायचा?

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. खताचा हिराकस औषध म्हणून कधीच घ्यायचा नाही; तो खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. आणि लाल गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत. गोड समजून पोरानं मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. तसं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा, पाकीट सोबत न्या.

पुढच्या सभेला प्रत्येक गटानं एवढंच बघून यावं : आपल्या गरोदर सुनेच्या, लेकीच्या पाकिटात किती गोळ्या शिल्लक राहिल्यात.