हिंजवडीचा पैसा आणि ग्रामसभेचा अधिकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



पंचायतीच्या जमाखर्चावर बोलावयाचे ठरले, तेव्हा काही साथींना विषय रुक्ष वाटला. विकेंद्रीकरणाचा पुकारा करावयाचा आणि अंदाजपत्रक कारकुनांवर सोपवावयाचे, अशी रीतच पडून गेली आहे. डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंभा राज्याची कल्पना मांडताना पैशाचा प्रश्न टाळला नव्हता. सरकारी व योजनांच्या खर्चाचा चौथा हिस्सा गाव, शहर आणि जिल्हा यांच्या पंचायतींमार्फत व्हावा, असा त्यांचा आग्रह होता.

हिंजवडीचेच पाहा. १९६१ साली महाराष्ट्र विधिमंडळाने दोन कायदे केले. एकातून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, दुसऱ्यातून त्याच वर्षी १ ऑगस्टला औद्योगिक विकास महामंडळ आले. पहिल्या संस्थेला मतदार आहेत, दुसरीला नाहीत. गेल्या शतकाच्या अखेरीस मुळशी तालुक्यातील ह्या गावी, आणि पुढे माणच्या शिवारात, राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले, तेव्हा ह्या दोन परंपरांची गाठ पडली. उद्यानातील भूखंड, रस्ते व पाणी महामंडळाकडे. बाहेरच्या बांधकामांची परवानगी, २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. परवानगीबरोबरचे विकास शुल्कही तिकडेच. इमारतीत माणसे राहावयास आली, की त्यांचा कचरा, गटार आणि दिवाबत्ती मात्र ग्रामपंचायतीच्या दारी! जून २०२५ च्या पावसात हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा कोणत्या नाल्याची जबाबदारी कोणाची, हाच वाद पुढे आला. पाणी काही हद्दी पाहून वाहत नाही.

ह्यावर एक उपाय नेहमी सुचविला जातो, तो महानगरपालिकेत विलीन होण्याचा. शेजारचे वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवडमध्ये गेले. महापालिकेकडे अभियंते आहेत, सांडपाण्याची यंत्रणा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हिशेबाची वही आज ज्या लोकांच्या हाताशी आहे, त्यांच्यापासून ती आणखी दूर जाईल, ह्याचाही विचार झाला पाहिजे. विलीनीकरण होवो अथवा न होवो, वही वाचण्याचे काम टळत नाही.

ती वही कोणती? ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आणि नमुना ९ ही मागणीची. आठमध्ये इमारत किती मोठी व तिचा कर किती, हे ठरते. नऊमध्ये चालू मागणी, थकबाकी आणि वसुली दिसते. २०१५ अखेर नियम बदलून आकारणी भांडवली मूल्यावर आली. म्हणजे वाढत्या गावात जुने मोजमाप तसेच राहिले, तर नुकसान थोडेथोडके नसते. शेतकऱ्याच्या दोन खोल्या गावात सर्वांना ठाऊक असतात. सात मजल्यांचे क्षेत्रफळ कोण मोजतो? शिवाय ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ नुसार कारखान्याकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याची तरतूद आहे. तरतूद सोयीची आहे खरी, पण ती रक्कम कोणी, कशाच्या आधारे ठरविली, हे ग्रामसभेला कळले नाही, तर सोय कोणाची झाली हे विचारावेच लागते.

आता मुख्य मुद्दा. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचे आहेत. एका मोठ्या इमारतीची आकारणी एक लाख रुपयांनी कमी लागली, तर दलित वस्तीच्या वाट्याचे पंधरा हजार त्याच क्षणी नाहीसे होतात. कोणी ते चोरले असे म्हणता येत नाही, लेखापरीक्षकालाही ती तूट सहजी सापडत नाही, कारण जी मागणी नोंदलीच नाही तिची थकबाकी कशी दिसावी? म्हणून कार्यक्षमता हा शब्द व्यवस्थापनाच्या पंडितांना आंदण देऊन टाकणे परवडणारे नाही. अनुदानासाठी मोर्चा काढणे सोपे आहे, आणि तो काढलाही पाहिजे. पण स्वतःच्या उत्पन्नाची गळती मोर्चाने थांबत नाही.

आणखी एक वर्ग आहे, ज्याचा विचार ना कंपन्या करतात ना गावकी. उद्यानातील पहारेकरी, सफाई कामगार, उपाहारगृहातील पोरे. भाड्याच्या खोलीत राहतात, घरमालकाचा कर भाड्यातून तेच भरतात. पण मत दूरच्या गावी असल्याने ग्रामसभेत त्यांना स्थान नाही. त्यांची नावे येथील मतदार यादीत नोंदविणे, हेसुद्धा पंचायतीच्या अर्थकारणाचेच काम समजावे.

आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवण्याचे बंधन कायद्यातच आहे. त्या सभेला प्रत्येक शाखेने दोन माणसे तयारीनिशी पाठवावीत. आधी माहितीच्या अधिकाराखाली नमुना ८ व ९ च्या नकला घ्याव्यात, दहा मोठ्या इमारती निवडून प्रत्यक्ष मजले मोजावेत, आणि नोंदीशी ताडून पाहावेत. तफावत आढळली तर सरपंचावर तुटून पडण्यापूर्वी फेरआकारणीचा ठराव मांडावा. त्याच ठरावात वाढीव उत्पन्नातील १५ टक्क्यांतून वस्तीतील कोणते गटार आधी बांधावयाचे, तेही लिहावे.